पूर्णेच्या तळाची मोजमापं रद्दीत जाऊ देऊ नका

प्रति,
भूजल, भूविज्ञान, खनिज, तेल-वायू, जलसंपदा आणि आपत्ती व्यवस्थापन या विभागांतले, पूर्णा खोऱ्याच्या जमिनीखालची मोजमापं ज्यांच्या कपाटांत आहेत ते सर्व अधिकारी

सन्माननीय महोदया आणि महोदय,

गेल्या उन्हाळ्यात एका सरकारी कार्यालयाच्या मागच्या व्हरांड्यात मी तीन तास रद्दीच्या ढिगापाशी बसून होतो. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण हे एका कार्यालयापुरतं नाही. ढिगात लाल फडक्यांत बांधलेली जुनी दप्तरं होती. एका गठ्ठ्याची गाठ सोडली, तर आत विद्युत साउंडिंगचे, म्हणजे जमिनीत वीज सोडून खालचे थर ओळखण्याच्या मोजणीचे तक्ते. दुहेरी लॉग कागद, त्यावर पेन्सिलीचे ठिपके, ठिपक्यांतून ओढलेली वक्ररेषा, कोपऱ्यात गावाचं नाव आणि तारीख. काही कागदांवरचं अक्षर माझं होतं. वाळवीनं खाल्लेला एक कागद उजेडात धरला, तर वक्राचा उजवीकडचा, वर चढत जाणारा तुकडा नाहीसा झालेला. हे काम केलेल्या माणसाला त्यातली हानी लगेच कळेल. तो चढ म्हणजे गाळ संपून काळा पाषाण लागल्याची खूण. त्या गावाखाली खोऱ्याचा तळ किती खोल आहे, हे सांगणारी तेवढीच एक ओळ होती.

"जतनाची मुदत संपलीय, लिलाव झालाय," असं तिथल्या लिपिकानं सांगितलं. त्याची चूक नव्हती. त्याला मिळालेल्या यादीत तसंच लिहिलं होतं. पण ज्या निर्णयानं ती यादी तयार झाली, तो मला गप्प राहून मान्य करता येत नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहे.

मी भूभौतिक सर्वेक्षणात एकतीस वर्षं काम केलं. त्यातली बहुतेक वर्षं पूर्णा खोऱ्यात गेली: अकोट, तेल्हारा, दर्यापूर, मूर्तिजापूर, संग्रामपूर, जळगाव जामोद. दोन्ही बाजूंना तारेची रिळं उलगडत जायची, लोखंडी खुंट्या ठोकायच्या, जमिनीत वीज सोडायची आणि आकडा लिहायचा. मे महिन्यात काळ्या मातीला भेगा पडल्या की खुंटी नुसती भेगेत लटकते, मातीला चिकटत नाही. मग कळशीत मीठ घालून ते पाणी खुंटीच्या बुडाशी ओतायचं, तेव्हा कुठे काटा हलायचा. अशा एका आकड्यासाठी चार माणसांचा अर्धा दिवस जातो. माझं घर सातपुड्याच्या पायथ्याशी आहे आणि माझी नात पायथ्यालगतच्याच एका तीन मजली शाळेत शिकते. माझा या गोष्टीशी संबंध एवढा आहे.

आता ज्यांना या विषयाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो. नर्मदा आणि तापी खचदरीतून वाहतात, हे आपण सगळे शाळेत शिकलो. पूर्णा ही तापीची उपनदी, आणि तिचं खोरंही त्याच कुळातलं. उत्तरेला गाविलगडचे डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगा, मध्ये सपाट काळी जमीन. अकोटहून पोपटखेडकडे निघालात तर डोंगर हळूहळू चढत येत नाहीत, भिंतीसारखे एकदम उभे राहतात. ही सरळ कड नदीनं कोरलेली नाही. तिच्या पायथ्याशी गाविलगड प्रस्तरभंग आहे, म्हणजे खडक तुटून दोन बाजू एकमेकींवरून सरकल्याची भेग. त्याच्या उत्तरेचा भाग उचलला गेला, दक्षिणेचा खचला, आणि खचलेल्या भागात लाखो वर्षं गाळ भरत राहिला. हा गाळ काही ठिकाणी तीनशे-चारशे मीटर जाड आहे. त्याच्याखाली बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. पूर्वेला सालबर्डीजवळ याच पट्ट्यात बेसाल्टच्याही आधीचे गोंडवन काळातले खडक वर आलेले दिसतात आणि तिथे गरम पाण्याचा झराही आहे. म्हणजे जमिनीखाली काय घडलंय याच्या खुणा काठावर दिसतात. मध्यभागी मात्र सगळं गाळाखाली पुरलेलं आहे. मुख्य भंगाला फाटे किती, ते गाळाखाली कुठपर्यंत आले आहेत, तळ एकसंध आहे की पायऱ्यापायऱ्यांचा, हे वरून चालणाऱ्याला कधीच दिसणार नाही.

ते पाहायला मोजमापं लागतात, आणि एकच प्रकार पुरत नाही. माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा हाच आहे.

गुरुत्वाचं उदाहरण घ्या. गाळ हलका, बेसाल्ट जड. तीनशे मीटर गाळ असेल आणि दोघांच्या घनतेत घन सेंटीमीटरला 0.8 ग्रॅमचा फरक धरला, तर त्या जागी गुरुत्व सुमारे 10 मिलिगॅलनं कमी भरतं; मिलिगॅल हे गुरुत्व मोजायचं एकक. पृथ्वीचं एकूण गुरुत्व 9,80,000 मिलिगॅलच्या आसपास. म्हणजे लाखात एक भाग. चांगलं ग्रॅव्हीमीटर, म्हणजे गुरुत्व मोजायचं यंत्र, याहून शेकडो पट बारीक फरक पकडतं, पण जागेची उंची एक मीटर चुकली की 0.3 मिलिगॅलची चूक आलीच. म्हणून प्रत्येक ठिकाणची उंची काळजीनं मोजावी लागते आणि यंत्र किती सरकलं हे पाहायला दिवसातून पुन्हा पुन्हा मूळ ठाण्यावर परतावं लागतं. एवढं करूनही गुरुत्व एकट्यानं सांगू शकत नाही की वजन कमी भरलं ते गाळ जाड आहे म्हणून, की बेसाल्टखाली जुने, हलके गाळखडक दडले आहेत म्हणून.

विद्युत पद्धतीची अडचण वेगळी. आपल्या खारपाणपट्ट्यात गाळातलं पाणीच खारं. खारं पाणी आणि चिकण माती दोन्ही वीज सहज वाहून नेतात, त्यामुळे सोडलेली वीज वरच्या थरातच फिरत राहते, खाली उतरत नाही. तारा दोनशे-तीनशे मीटर ताणूनही तळ लागायचा नाही, अशी कितीतरी ठिकाणं माझ्या वहीत आहेत. तिथे मॅग्नेटोटेल्युरिक पद्धत उपयोगी पडते, कारण ती पृथ्वीच्या नैसर्गिक विद्युतचुंबकीय लहरी वापरते आणि कित्येक किलोमीटर खोल पाहते. चुंबकीय मोजणीत बेसाल्ट ठळक उठतो आणि गाळ गप्प राहतो, म्हणून बेसाल्टची पायरी कुठे तुटली ते तिथे दिसू शकतं. बेसाल्टखाली डोकावायला मात्र भूकंपीय लहरींचीही दमछाक होते. बेसाल्टमधून लहर वेगानं जाते आणि विखुरते. त्याच्याखाली कमी वेगाचा गाळखडक असला तर थरांतून वळून वर येणाऱ्या लहरी मोजणाऱ्या साध्या अपवर्तन पद्धतीला तो दिसतच नाही.

म्हणून चार जणांच्या साक्षी एकत्र ठेवाव्या लागतात. गुरुत्व सांगतं त्याच जागी चुंबकीय पायरी येते का, तिथेच विद्युत रोध बदलतो का, आणि जवळच्या बोअरमध्ये पाषाण कितीवर लागला. चारही एका रेषेवर आले, तर पुरलेला भंग नकाशावर ठामपणे काढता येतो.

या साक्षी आपल्याकडे बऱ्याच प्रमाणात आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं नर्मदा-सोन-तापी पट्ट्यासाठी 'क्रुमनसोनाटा' नावाचा मोठा प्रकल्प राबवला. राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं खोल भूकंपीय रेषा टाकल्या, त्यातली एक उज्जैनपासून आपल्या अकोला जिल्ह्यातल्या महानपर्यंत येते. पाण्यासाठी घेतलेली साउंडिंग आणि बोअरच्या नोंदी गावोगावच्या आहेत. माणसांनी उन्हात उभं राहून मिळवलेलं हे धन आहे. त्याचं पुढे काय होतं, यावर माझ्या तक्रारी आहेत.

पहिली तक्रार वर सांगितली: कागद मरत आहेत. पाण्याची जागा दाखवली की साउंडिंगचं काम संपलं, असं धरून मूळ आकडे फेकले जातात आणि अहवालात फक्त "खोली 70 मीटर, शिफारस नाही" एवढं उरतं. मूळ आकडा असेल तर आजच्या संगणकावर त्याचा नवा अर्थ लावता येतो. शिफारशीतून मात्र काहीच परत काढता येत नाही.

दुसरी: प्रत्येक विभाग आपल्या कामापुरतं पाहतो. पाण्याचा विभाग खारं पाणी लागलं की बोअर थांबवतो आणि नोंदीत "गाळ, खारे" लिहून पुढच्या गावाला जातो. तेलाच्या शोधात निघालेल्यांना वरचे तीनशे मीटर नको असतात, ते त्यांच्यासाठी अडथळा असतात. धरणाच्या पायासाठी घेतलेली भोकं धरणाच्या फायलीत राहतात. खोरं एक, पण त्याचे तुकडे पाच कपाटांत.

तिसरी तक्रार माझ्याच व्यवसायातल्या लोकांबद्दल आहे आणि ती लिहिताना मला वाईट वाटतं. उपग्रहाच्या चित्रात एखादी सरळ ओळ दिसली की नकाशावर ती प्रस्तरभंग म्हणून ठाम काळ्या रेषेनं काढली जाते. खाली एकही मोजणी नसते. भूविज्ञानाच्या नकाशांत दिसलेल्या भंगाला अखंड रेषा, अंदाजाला तुटक रेषा आणि झाकलेल्याला ठिपक्यांची रेषा, हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. तो पुसला की पुढचा वाचणारा फसतो. कुणी विनाकारण घाबरतो, कुणी निर्धास्त राहतो.

चौथी सगळ्यात गंभीर आहे. या खोऱ्यात शाळा, रुग्णालयं, पाण्याच्या टाक्या, पूल उभे राहत आहेत. इमारतीसाठी मातीची तपासणी होते, भूकंपाच्या मानकात कठीण, मध्यम आणि मऊ असे जमिनीचे वर्गही आहेत. पण ती तपासणी वरच्या काही मीटरांची. खाली तळ वीस मीटरवर आहे की तीनशेवर, आणि आपण खोऱ्याच्या काठावर आहोत की मध्यावर, हे त्यातून कळत नाही. हे कळणं का गरजेचं आहे, त्याचं ढोबळ गणित सोपं आहे. गाळाच्या जाडीला चारनं गुणायचं आणि त्यातल्या कर्तन लहरींच्या, म्हणजे जमीन आडवी हलवणाऱ्या भूकंप-लहरींच्या, वेगानं भागायचं. मिळतो तो त्या जमिनीचा स्वतःचा झोका, सेकंदांत. वीस मीटर गाळ आणि सेकंदाला दोनशे मीटर वेग असेल तर 0.4 सेकंद. तीनशे मीटर गाळ आणि चारशे मीटर वेग असेल तर 3 सेकंद. इमारतीचा झोका मजल्यामागे साधारण 0.1 सेकंद. म्हणजे काठाजवळच्या पातळ गाळावर चार मजली इमारत आणि जमीन एकाच तालात हलतील आणि इमारतीचा हादरा वाढत जाईल. मध्यावर हेच उंच, लवचीक बांधकामांच्या वाट्याला येईल. तळाचा नकाशा नसेल तर अभियंत्यानं हे कशावरून ठरवायचं?

काठाचा धोका पुस्तकी नाही. 17 जानेवारी 1995 ला जपानच्या कोबे शहरात सगळ्यात जास्त पडझड झाली ती भंगाच्या अगदी वर नव्हे, तर डोंगराच्या पायथ्यापासून थोडं दूर, गाळावरच्या एका अरुंद पट्ट्यात. डोंगराकडून गाळात शिरलेली लहर आणि खालून वर आलेली लहर तिथे एकमेकींत मिसळली आणि हादरा वाढला. डोंगर, पायथ्याशी भंग, पुढे गाळ, ही रचना वाचून मला पोपटखेडचा रस्ता आठवला. आपल्या जवळचं उदाहरण अहमदाबादचं. 26 जानेवारी 2001 ला भूकंपाचं केंद्र कच्छमध्ये होतं, दोनशेहून जास्त किलोमीटर दूर, आणि साबरमतीच्या गाळावरच्या बहुमजली इमारती कोसळल्या.

पुरलेला भंग आधी माहीत नसला की काय होतं, ते न्यूझीलंडनं भोगलं. कँटरबरीच्या सपाट मैदानात नद्यांच्या गोट्यांखाली झाकलेला ग्रीनडेल भंग 4 सप्टेंबर 2010 च्या 7.1 तीव्रतेच्या भूकंपापर्यंत कुणालाच माहीत नव्हता. त्याच मालिकेतल्या 22 फेब्रुवारी 2011 च्या धक्क्यात क्राइस्टचर्चला 185 माणसं गेली.

आणि किल्लारी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेबद्दल महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. त्यानंतर तिथे 617 मीटर खोल छिद्र घेतलं गेलं आणि कळलं की बेसाल्ट 338 मीटर जाड आहे, त्याखाली आठ मीटर जुना गाळ आणि मग ग्रॅनाइटचा पाया. ही माहिती हजारो माणसं गेल्यावर मिळाली. कोयनेतही 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपानंतर अभ्यासाला वेग आला. आज गोठणे इथलं 3 किलोमीटर खोल छिद्र, विमानातून केलेली गुरुत्व आणि चुंबकीय मोजणी आणि मॅग्नेटोटेल्युरिक सर्वेक्षण यांनी तिथला पाया उघडा केला आहे. मला त्या कामाचा अभिमान वाटतो. जे तिथे जमलं ते पूर्णेत जमण्यासारखं आहे, आणि इथे ते भूकंपाच्या आधी करता येईल.

मी भीती पसरवत नाही. जमिनीखाली भंग आहे म्हणजे तो उद्या हलेल, असा अर्थ होत नाही. अनेक भंग लाखो वर्षं झोपलेले आहेत. भूकंप केव्हा येईल हे कुठलंही यंत्र सांगत नाही. पण हा पट्टा पूर्ण निजलेला नाही. 14 मार्च 1938 ला सातपुड्यात 6 हून जास्त तीव्रतेचा भूकंप झाला, 22 मे 1997 ला जबलपूरला झाला. 2018 च्या पावसाळ्यात मेळघाटातल्या साद्राबाडीत लहान धक्क्यांनी लोक रात्री अंगणात झोपत होते. अशा वेळी गावकरी एकच प्रश्न विचारतात, "साहेब, खाली आहे तरी काय?" आणि त्याचं उत्तर द्यायला साहेबाकडे नकाशा नसतो.

शेवटची तक्रार भाषेची. जे काही प्रसिद्ध होतं ते इंग्रजीत. ज्या ग्रामपंचायतीला टाकी कुठे बांधायची ते ठरवायचं आहे, तिच्यापर्यंत ते पोचत नाही.

तर माझ्या मागण्या अशा आहेत.

आज, या पत्राच्या तारखेपासून, भूभौतिक मोजणीचा कोणताही मूळ कागद आणि कोणत्याही बोअरची नोंद नष्ट करणं थांबवा. जतनाच्या मुदतीच्या यादीतून हे वर्ग काढून "कायम" या वर्गात टाका. याला पैसा लागत नाही, एक परिपत्रक पुरतं.

दुसरं, सगळ्या विभागांचे जुने आकडे एका जागी आणा. खाण मंत्रालयानं 19 डिसेंबर 2023 ला राष्ट्रीय भूविज्ञान विदा भांडार सुरू केलं; ती चांगली सुरुवात आहे आणि तिचं मी स्वागत करतो. पाण्यासाठी, धरणांसाठी, रस्त्यांसाठी घेतलेल्या मोजण्याही तिथे जाव्यात. जुन्या नोंदींत जागा "मारुतीच्या देवळामागे, लिंबाजवळ" अशा लिहिल्या आहेत. त्या जागा आजच ओळखून अक्षांश-रेखांश आणि उंची लावून घ्या, कारण ते लिंब आणि ते ओळखणारी म्हातारी माणसं दोन्ही कमी होत चालली आहेत. निवृत्त सर्वेक्षकांना बोलवा. आम्ही येऊ.

तिसरं, उरलेल्या फटी भरा. सातपुड्याच्या पायथ्यापासून दक्षिणेच्या कडेपर्यंत, खोऱ्याला आडव्या जाणाऱ्या निदान चार-पाच रेषांवर गुरुत्व, चुंबकीय आणि मॅग्नेटोटेल्युरिक मोजण्या एकाच ठाण्यांवर घ्या. प्रत्येक तालुक्यात जमिनीच्या नैसर्गिक कंपनांची नोंद घ्या. जपानचे नाकामुरा यांनी 1989 साली मांडलेली पद्धत यासाठी सोपी आहे: एक कंपनमापक अर्धा-पाऊण तास शांत जागी ठेवायचा, आडव्या कंपनांना उभ्या कंपनांनी भागायचं आणि त्या जमिनीचा झोका वाचायचा. अभियांत्रिकी महाविद्यालयांची मुलं हे करू शकतात. आणि खोऱ्याच्या मध्यावर निदान दोन बोअर गाळ संपून बेसाल्ट लागेपर्यंत न्या. खारं पाणी लागलं म्हणून थांबू नका. हाच नकाशा गोड पाण्याचे खोलवरचे थर आणि त्यांना अडवणारे भंगही दाखवेल, म्हणजे खारपाणपट्ट्यातल्या गावांनाही त्याचा उपयोग होईल.

चौथं, यातून निघणारा तळाचा आणि भंगांचा नकाशा मराठीत प्रसिद्ध करा. अखंड, तुटक आणि ठिपक्यांच्या रेषा वेगवेगळ्या ठेवा, प्रत्येक रेषेमागे कोणत्या मोजण्या आहेत ते लिहा, आणि मूळ आकडे कुणालाही उतरवून घेता येतील असे ठेवा, म्हणजे चूक असेल तर ती सापडेल. त्या नकाशावरून कुणाची जमीन बदनाम होणार नाही आणि कुणाची परवानगी मनमानीनं अडणार नाही, याची काळजी नियमांतच घ्या. शाळा, रुग्णालयं आणि पाण्याच्या टाक्या यांच्या बांधकामाआधी मात्र तो पाहणं बंधनकारक करा. आधीच उभ्या असलेल्या शाळांची यादी त्या नकाशावर ठेवून पायथ्यापासून तपासणी सुरू करा.

यातली पहिली मागणी एका महिन्यात आणि दुसरी एका वर्षात पूर्ण होऊ शकते. तिसरीला दोन-तीन हंगाम लागतील, कारण पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी रुतते आणि काम बंद ठेवावं लागतं. तुमचं उत्तर मला लेखी हवं आहे: काय मान्य, काय अमान्य, आणि कोण कोणत्या तारखेपर्यंत करणार.

त्या व्हरांड्यातून परवानगी घेऊन मी अकरा गठ्ठे घरी आणले. कडुलिंबाचा पाला घालून पत्र्याच्या पेटीत ठेवले आहेत. माझ्या स्वतःच्या सोळा वह्या वेगळ्या. गावाचं नाव, तारीख, खुंट्यांचं अंतर आणि मिळालेला रोध, असं सगळं त्यांत आहे. या नोंदी कायम जपू असं लेखी देणारा पहिला विभाग येईल, त्याच्या हाती हे सगळं सोपवीन. सोबत बसून प्रत्येक जागा नकाशावर दाखवायलाही मी तयार आहे. सकाळी आठनंतर केव्हाही या.

आपला,
पूर्णा खोऱ्यातला एक निवृत्त भूभौतिक सहायक